पाव कुणी भाजला?

आजचा भाग एका मेसेजवरून सुचला. आपला एक श्रोता भंडाऱ्याहून नोकरीसाठी मुंबईला गेलाय. तो विचारतो, "दादा, इथं चांगला ताजा बेगल कुठं मिळंल?"

बेगल म्हणजे मधे भोक असलेला, आधी उकळत्या पाण्यातून काढून मग भाजलेला पाव. पोलंडमधल्या क्राकूवच्या ज्यू समाजाच्या नियमांत त्याचा उल्लेख १६१० सालचा आहे. आपल्याकडे त्याच्या आकाराचं काही शोधायचं तर गोव्यात जा. तिथले पोदेर 'कांकणं' भाजतात, बांगडीसारखी गोल आणि कडक, चहात बुडवून खायची. पण भाऊ, तू मुंबईत आहेस. तिथं आधी पाव ओळखायला शिक. त्याची गोष्ट बेगलपेक्षा जास्त तिखट आहे.

'पाव' हा शब्द पोर्तुगीज. गोव्यात यीस्ट मिळेना, म्हणून पीठ फुगवायला माडाची सूर, म्हणजे ताडीसारखी चीज, वापरायला लागले. पुढे गोव्याचे ख्रिस्ती बेकर मुंबईत आले आणि त्यांनी भट्ट्या टाकल्या. झालं! पीठ दारूनं आंबवलेलं, भाजणारा ख्रिस्ती, आणि वर अफवा काय, तर पायानं मळतात म्हणून 'पाव'! सवर्ण हिंदू घरात पाव खाणं म्हणजे बाटणं. विहिरीत पाव टाकून गाव बाटवल्याच्या कथा तुम्हीही ऐकल्या असतील.

आता गंमत ऐका. १८४९ मध्ये मुंबईत परमहंस सभा नावाची गुप्त मंडळी निघाली. दादोबा पांडुरंग त्यातले प्रमुख. जात मोडायची, हा त्यांचा उद्देश. सभासद व्हायचं तर भाषण ठोकून भागत नव्हतं, ख्रिस्ती माणसानं भाजलेला पाव खावा लागायचा. विचार करा, आज आपण वडापाव खाताना फोन बघत असतो, आणि या शिकल्यासवरल्या लोकांना पावाचा एक घास दार लावून खावा लागत होता. १८६० च्या सुमारास सभेचे कागद चोरीला गेले, नावं फुटण्याची भीती पसरली आणि सभा मोडली. घास गिळायची हिंमत होती, नाव कळू द्यायची नव्हती. मी त्यांना भित्रे म्हणणार नाही. वाळीत पडणं म्हणजे काय, हे आपल्या खेड्यांत अजून विचारलं तरी कळतं.

पुण्यात १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटं झाली, तर टिळक आणि रानडे यांच्यासारख्यांनाही प्रायश्चित्ताच्या भानगडीत पडावं लागलं. म्हणजे तेव्हा पाव-बिस्किटाची पारख एकाच प्रश्नावर व्हायची, कुणी भाजलं?

आता पारख वेगळी. लादीतला पाव ओढून तोड. ताजा असला तर कापसासारखे धागे सुटतात. बोटानं दाबला की परत वर यायला पाहिजे. बूड तपकिरी हवं, पांढरं राहिलं असंल तर घाईत काढलाय. आंबूस वास मारत असंल तर ठेवून दे. ब्रुन घेतलास तर बुडावर टिचकी मार. पोकळ आवाज यावा, आणि कापताना कवच कुरकुरून फुटावं. मऊ ब्रुन म्हणजे कालचा ब्रुन.

भट्टीचं मात्र आता अवघड झालंय. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर जायला सांगितलं. हवा खरंच वाईट आहे, त्यामुळं आदेश चुकीचा म्हणवत नाही. पण जुनी भट्टी मोडून नवी बसवायचा खर्च लहान बेकरीवाल्यानं कुठून आणायचा? पाव महाग करावा तर तो गरिबाचं खाणं. लाकडावरच्या पावाची चव गॅसवर येते का, यावर गल्लीगल्लीत वाद आहे. माझं मत विचाराल तर थोडा फरक पडतो, पण शिळ्या पावानं जेवढा पडतो तेवढा नाही.

तर भाऊ, पुढच्या वेळी घरून परत जाताना भंडारा रोडवरून विदर्भ एक्सप्रेस पकड. ती सकाळी सीएसएमटीला सोडते. बॅग खांद्याला लाव आणि धोबी तलावापर्यंत चालत जा. १९०४ पासूनचं कयानी तिथंच आहे. ब्रुन मस्का माग, आणि टिचकी मारून बघ.