व्यवसायजन्य रोगांवरील शोधनिबंधाची घडण

व्यवसायजन्य रोगांवरचा शोधनिबंध हा वैद्यकीय लेखनातला तुलनेने तरुण प्रकार आहे. सारांश, प्रास्ताविक, पद्धती, निरीक्षणे, चर्चा, नीतिसमितीची मान्यता, हितसंबंधांचे निवेदन असे त्याचे आजचे ठरीव रूप. हस्तलिखित नियतकालिकाकडे पाठवण्यापूर्वी लेखकाला हे सारे भाग पुरे करावे लागतात आणि नवख्या संशोधकाला ती कार्यालयीन कटकट वाटते. प्रत्यक्षात यांतल्या बहुतेक भागांमागे एखादा कारखाना, एखादी खाण आणि तिथले मृत्यू उभे आहेत.

या लेखनाची सुरुवात बर्नार्दिनो रामात्सिनी यांच्यापासून धरली जाते. त्यांचा जन्म 1633 मध्ये इटलीतील कार्पी येथे झाला. मोदेना आणि पुढे पादुआ येथे त्यांनी वैद्यक शिकवले. कारागिरांच्या रोगांवरचा त्यांचा लॅटिन ग्रंथ 1700 मध्ये मोदेनात निघाला आणि 1713 मध्ये त्याची वाढवलेली आवृत्ती आली. मोदेनातील घरांखालची मैलाकुंडे ठरावीक वर्षांनी उपसली जात. रामात्सिनी यांच्या स्वतःच्या घरी हे काम चालू असताना एक मजूर जिवाच्या आकांताने हात चालवताना त्यांना दिसला. इतकी घाई कशासाठी, असे विचारल्यावर चार तासांहून अधिक इथे थांबले तर डोळे जातात, असे उत्तर मिळाले. त्यांनी त्याचे डोळे तपासले, ते लाल आणि मंद झाले होते. याच कामाने दृष्टी गमावून शहरात भीक मागणारी माणसेही त्यांनी पाहिली. रोग्याला विचारायच्या परंपरागत प्रश्नांत त्यांनी एका प्रश्नाची भर घातली: धंदा कोणता? पन्नासहून अधिक धंद्यांचा आढावा घेणाऱ्या या ग्रंथात छापखान्यातले कामगार आहेत आणि दिवसभर बैठक मारून लिहिणारे लेखनिकही आहेत. निबंध लिहिणाराही कामगारच असतो, हे या शास्त्राच्या पहिल्या मोठ्या ग्रंथाने नोंदवून ठेवले आहे.

रामात्सिनी यांच्या लेखनात निरीक्षण भरपूर होते, मोजणी मात्र नव्हती. लंडनचे शल्यविशारद पर्सिव्हल पॉट यांनी 1775 मध्ये धुराडी साफ करणाऱ्यांच्या वृषणकोशाच्या कर्करोगावर लिहिले तेही असेच. अवघ्या काही पानांच्या त्या मजकुरात काजळी हे कारण नेमके पकडले आहे, लहानपणापासून अरुंद धुराड्यांत ढकलल्या जाणाऱ्या मुलांबद्दलचा कळवळा आहे, पण किती रोगी पाहिले आणि कितींपैकी, हे नाही. त्या काळी अनुभवी वैद्याचा शब्द हाच पुरावा होता. तुलनेची वाट पुढच्या शतकात रुळली. हेन्री बटलिन यांनी 1892 मध्ये ब्रिटनमधील धुराडे-सफाई कामगारांची युरोपातील कामगारांशी तुलना केली. जर्मनीत अंगभर संरक्षक कपडे घालून काम करत, तिथे हा रोग कमी दिसत होता. काजळी तीच असून रोग कमी असेल तर फरक अंगावरच्या कपड्यांत आणि स्वच्छतेत शोधावा लागतो, हा तर्क साधा आणि भक्कम होता. फ्रँकफुर्टचे लुडविग रेन यांनी 1895 मध्ये फुक्सिन रंग बनवणाऱ्या कामगारांतील मूत्राशयाच्या गाठींची नोंद केली. रोगी फक्त तीन होते, पण ते सुमारे 45 कामगारांच्या एका लहान गटातले, हे त्यांनी सांगितले. अंशाबरोबर छेदही कागदावर आला.

छेदाचा प्रश्न सर्वात पद्धतशीरपणे सोडवला तो इंग्लंडच्या जन्ममृत्यू नोंदणी कार्यालयाने. विल्यम फार यांच्या काळात, 1851 च्या जनगणनेनंतर, व्यवसायवार मृत्युदर मांडण्याची प्रथा पडली. जनगणनेतून कोणत्या धंद्यात किती माणसे हे कळे आणि मृत्यूच्या दाखल्यांतून कोण कशाने गेले हे कळे. याच आकड्यांवर काम करताना विल्यम ओगल यांनी 1885 मध्ये एक फसवी गोष्ट दाखवून दिली. अंगमेहनतीच्या धंद्यात मुळात धडधाकट माणसेच शिरतात आणि आजारी पडलेली बाहेर पडतात, म्हणून घातक धंदासुद्धा कागदावर निरोगी दिसू शकतो. या परिणामाला स्वतंत्र नाव 1970 च्या दशकात मिळाले. आज निबंधाच्या चर्चेत त्याचा विचार नसेल तर परीक्षक हस्तलिखित परत पाठवतात, आणि ते योग्यच आहे.

स्वतंत्र नियतकालिके विसाव्या शतकातली. मिलानचे लुइजी देवोतो यांनी 1901 मध्ये सुरू केलेले नियतकालिक पुढे ‘ला मेदिचिना देल लावोरो’ या नावाने चालू राहिले. अमेरिकेत 1919 मध्ये ‘जर्नल ऑफ इंडस्ट्रियल हायजीन’ निघाले. शिशाच्या विषबाधेचा माग काढत कारखान्या-कारखान्यांतून हिंडलेल्या अॅलिस हॅमिल्टन त्याच वर्षी हार्वर्डच्या अध्यापकवर्गात दाखल झाल्या. त्या तिथल्या पहिल्या महिला अध्यापक. ब्रिटनमध्ये युद्ध चालू असतानाच, 1944 मध्ये, डोनल्ड हंटर यांच्या संपादकत्वाखाली ‘ब्रिटिश जर्नल ऑफ इंडस्ट्रियल मेडिसिन’ हे त्रैमासिक सुरू झाले. पुढच्या वीस वर्षांत या विषयाच्या निबंधाचा साचा घडला तो प्रामुख्याने याच्या पानांवर.

1954 मध्ये त्यात आर. ए. एम. केस आणि सहकाऱ्यांचा रंगद्रव्य उद्योगातील मूत्राशयाच्या गाठींवरचा अभ्यास आला. रेन यांच्या तीन रोग्यांचे कोडे इथे मोठ्या प्रमाणावर सोडवले गेले. केस यांनी कारखान्यांकडून कामगारांच्या याद्या मिळवल्या, कोण कोणत्या रसायनाच्या संपर्कात होता ते ठरवले आणि देशातल्या सर्वसाधारण पुरुषांचा मृत्युदर या गटाला लावला असता किती मृत्यू अपेक्षित होते ते काढले. प्रत्यक्ष मृत्यू त्यापेक्षा कितीतरी अधिक निघाले. नॅफ्थिलअमाइन आणि बेंझिडीन या रसायनांवरचा दोष आता कोणा एका डॉक्टरच्या अनुभवावर अवलंबून राहिला नाही.

पुढच्याच वर्षी त्याच नियतकालिकात रिचर्ड डॉल यांचा अॅस्बेस्टॉस कामगारांवरचा निबंध छापला गेला. हस्तलिखित तयार करणे म्हणजे काय, हे समजण्यासाठी या निबंधाइतके बोलके उदाहरण नाही. इंग्लंडमधील रॉचडेल येथील टर्नर ब्रदर्स अॅस्बेस्टॉस या कंपनीचे डॉक्टर जॉन नॉक्स यांनी डॉल यांची मदत मागितली होती. डॉल यांनी दोन वेगळ्या बाजूंनी पुरावा उभा केला. एका अॅस्बेस्टॉस कारखान्यात काम केलेल्या 105 मृतांच्या शवविच्छेदनांत 18 जणांना फुप्फुसाचा कर्करोग आढळला होता आणि त्यांपैकी 15 जणांना या धुळीने होणारा अॅस्बेस्टोसिस हा फुप्फुसाचा रोगही होता. शवविच्छेदन सगळ्यांचे होत नाही, म्हणून एवढ्यावर थांबता येत नव्हते. मग धुळीच्या जागी किमान 20 वर्षे काम केलेल्या 113 पुरुषांचा माग काढला. त्यांच्यात 15.4 मृत्यू अपेक्षित होते, झाले 39. फुप्फुसाच्या कर्करोगाने 0.8 अपेक्षित होते, झाले 11. या अकराही जणांचे निदान सूक्ष्मदर्शकाखाली पक्के केलेले होते. अशा दीर्घकालीन कामगारांचा धोका सर्वसाधारण लोकांच्या दसपट आहे, असा अंदाज डॉल यांनी मांडला. 1931 मधील धूळनियंत्रण नियमांआधीच्या परिस्थितीत काढलेली वर्षे जशी कमी, तसा धोका कमी होत गेलेला दिसतो, हेही त्यांनी लिहिले. कंपनीला सोयीचे ठरणारे निरीक्षण त्यांनी दडवले नाही.

आकडे पाहिल्यावर कंपनीने प्रसिद्धीला विरोध केला. अखेर नॉक्स यांचे नाव गळाले आणि निबंध एकट्या डॉल यांच्या नावाने छापला गेला. याच कारखान्यावरचा पुढचा अभ्यास त्याच नियतकालिकात 1968 मध्ये आला तेव्हा नॉक्स यांचे नाव लेखकांत पहिले होते. लेखकांच्या नावांची ओळ निरुपद्रवी दिसते, पण तिच्यात कोण नाही आणि का नाही यातही इतिहास असतो.

डॉल यांचा निबंध निदान छापला तरी गेला. अमेरिकेतील सॅरानॅक लेक येथील प्रयोगशाळेत 1936 पासून अॅस्बेस्टॉस कंपन्यांच्या पैशावर प्राण्यांवरचे प्रयोग चालले होते. निष्कर्ष छापायचे की नाही हे पैसे देणारे ठरवतील, अशी अट होती. प्रमुख संशोधक लेरॉय गार्डनर 1946 मध्ये वारले. 1951 मध्ये अहवाल प्रसिद्ध झाला तेव्हा उंदरांतील कर्करोगाचा भाग त्यातून काढून टाकलेला होता. कामगार मात्र मधल्या काळातही तीच धूळ घेत राहिले. 2001 मध्ये प्रमुख वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांनी एकत्र संपादकीय लिहून पुरस्कर्त्याच्या हाती लेखणी जाऊ नये यासाठी अटी कडक केल्या. सारी माहिती लेखकाला पाहता आली का आणि प्रसिद्धीचा निर्णय कोणाचा, हे जाहीर करण्याची अपेक्षा तेव्हापासून अधिक ठाम झाली.

केस आणि डॉल यांच्या पिढीचे शिक्षक म्हणजे लंडनचे संख्याशास्त्रज्ञ ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल. जानेवारी 1965 मध्ये त्यांनी रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनच्या व्यवसायवैद्यक विभागापुढे अध्यक्षीय भाषण दिले. दोन गोष्टींत केवळ संबंध आहे की एक दुसरीचे कारण आहे, हे ठरवण्याचे नऊ दृष्टिकोन त्यात आहेत. साथरोगशास्त्राच्या सर्व शाखांत गाजलेले हे भाषण मुळात कारखान्यांच्या डॉक्टरांसाठी होते, हे अनेकदा विसरले जाते. त्याच वर्षी हिल यांनी निबंधलेखनावरही लिहिले. काम का हाती घेतले, काय केले, काय आढळले आणि त्याचा अर्थ काय, या चार प्रश्नांची उत्तरे वाचकाला मिळाली पाहिजेत, हे त्यांचे सूत्र. प्रास्ताविक, पद्धती, निरीक्षणे आणि चर्चा या चार भागांचे यापेक्षा चांगले स्पष्टीकरण कोणत्याही सूचनापत्रकात सापडत नाही.

मोठे आकडे नसतानाही निबंध भक्कम होऊ शकतो, हे 1960 मध्ये दक्षिण आफ्रिकेतील वॅग्नर, स्लेग्स आणि मार्चंड यांनी दाखवले. किंबर्ली भागातले 33 रोगी, फुप्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा हा दुर्मीळ कर्करोग, आणि एक सोडून सर्वांचा निळ्या अॅस्बेस्टॉसशी संभाव्य संपर्क. यांतले सगळे खाणकामगार नव्हते; काहींचे बालपण फक्त खाणींजवळ गेले होते. रोगी कुठे राहिला आणि लहानपणी कुठे वावरला, ही चौकशी नेटाने केली म्हणून धागा सापडला. रामात्सिनी यांचा प्रश्न इथे धंद्यापलीकडे जाऊन पोचला.

हस्तलिखिताच्या बाह्य रूपाचा इतिहास त्यामानाने थोडक्यात सांगता येतो. टंकयंत्राच्या जमान्यात कागदाच्या एकाच बाजूला, ओळींत अंतर आणि रुंद समास सोडून मजकूर लिहायचा, तक्ते वेगळ्या कागदांवर जोडायचे, असा दंडक होता. संदर्भ देण्याची रीत मात्र प्रत्येक नियतकालिकाची निराळी. एकाने नाकारलेला निबंध दुसऱ्याकडे धाडायचा तर तो पुन्हा टंकावा लागे. जानेवारी 1978 मध्ये काही संपादक कॅनडातील व्हँकूव्हर येथे जमले आणि त्यांनी समान नियम ठरवले. मजकुरात येतील त्या क्रमाने संदर्भांना आकडे देण्याची पद्धत तिथून पसरली. निरीक्षणात्मक अभ्यासात काय काय सांगितलेच पाहिजे, याची 22 कलमांची स्ट्रोब यादी 2007 मध्ये आली. माणसांवरील संशोधनाच्या नीतीविषयीच्या 1964 च्या हेलसिंकी घोषणेनंतर संमती आणि नीतिसमिती यांना स्थान मिळाले. कारखान्यात या अटीला वेगळी धार असते. मालकाच्या परवानगीने आलेल्या डॉक्टरला नाही म्हणणे कामगाराला सोपे नसते आणि तपासणीचा निकाल मालकाच्या हाती गेला तर त्याची नोकरी जाऊ शकते.

या विषयाच्या निबंधाचा सर्वात अवघड भाग आजही धुळीचे आणि रसायनांचे मोजमाप हाच. अमेरिकेत पूर्वी अॅस्बेस्टॉसची धूळ घनफुटात किती कण अशी मोजत. नंतर गाळण-पडद्यावर धूळ गोळा करून सूक्ष्मदर्शकाखाली फक्त तंतू मोजू लागले. जुना आकडा नव्यात नेमका बदलता येत नाही, म्हणून कोणत्या यंत्राने, कुठे उभे राहून, किती वेळ मोजले, हे पद्धतीच्या भागात लिहावेच लागते.

भारतात कारखान्यांच्या डॉक्टरांची संघटना 1948 मध्ये उभी राहिली आणि तिचे नियतकालिक नावे बदलत आजवर चालत आले. अहमदाबादची संशोधन संस्था 1966 मध्ये सुरू झाली, पुढे ती राष्ट्रीय व्यवसाय आरोग्य संस्था झाली. या संस्थेच्या संशोधकांनी मध्य प्रदेशातील मंदसौर भागात पाटीवरच्या पेन्सिली कापणाऱ्या कामगारांची तपासणी केली. निम्म्याहून अधिक कामगारांना सिलिकोसिस हा फुप्फुसाचा रोग झालेला आढळला. हा अभ्यास 1985 मध्ये ‘अमेरिकन जर्नल ऑफ इंडस्ट्रियल मेडिसिन’मध्ये छापला गेला. ज्या वस्तूने लाखो मुले अक्षरे गिरवायला शिकली, तिच्या धुळीने कामगारांची फुप्फुसे दगडावली, हे त्या तक्त्यांतून जगासमोर गेले.

मुंबईच्या कापड गिरण्यांत ब्लो रूम आणि कार्डिंग खात्यातल्या कापसाच्या धुळीने होणारा रोग म्हणजे बिसिनोसिस. रिचर्ड शिलिंग यांनी 1950 च्या दशकात लँकेशरच्या गिरण्यांत या रोगाच्या पायऱ्या ठरवल्या. सोमवारी छाती आवळल्यासारखी होणे, मग ते इतर दिवसांतही पसरणे, शेवटी श्वास कायमचा तोकडा पडणे. साप्ताहिक सुट्टी रविवारी नसेल तिथे सोमवारबद्दल विचारून उपयोग नाही, सुट्टीनंतरचा पहिला दिवस विचारावा लागतो. 1995 मध्ये मुंबईच्या एका गिरणीतील बिसिनोसिसवरचा निबंध ‘नॅशनल मेडिकल जर्नल ऑफ इंडिया’त आला. केस आणि डॉल यांच्या पद्धतीला जुन्या कामगारांची पुरी यादी लागते, आणि मुंबईत अडचण तिथेच होती. बदली कामगारांची सलग नोंद नसे, श्वास पुरेनासा झालेला माणूस गावी परते आणि त्याचा मृत्यू कोकणात किंवा घाटावर नोंदला जाई. जानेवारी 1982 मध्ये सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद होत गेल्या तशी माणसेही पांगली. राज्य कामगार विमा कायद्याच्या परिशिष्टात कापसाच्या धुळीच्या या रोगाला स्थान मिळाले, पण भरपाईसाठी तो आधी डॉक्टरने ओळखून कागदावर मांडावा लागतो, आणि त्यासाठी लागणारे निकष शिलिंग यांच्यासारख्यांच्या छापील निबंधांतूनच आलेले आहेत.