मिनर्व्हाच्या पायऱ्या आणि पर्ल खिंड

यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात मॅमथ हॉट स्प्रिंग्ज नावाचे ठिकाण आहे. तेथील उष्ण झऱ्यांच्या पाण्यातला चुना थरावर थर साचून डोंगरउतारावर पांढऱ्या पायऱ्या तयार झाल्या आहेत, आणि त्यांतल्या एका समूहाला मिनर्व्हा टेरेस असे नाव आहे. १८९६ साली एफ. जे हेन्स या छायाचित्रकाराने तेथे एक छायाचित्र टिपले. या पायऱ्यांवर गणवेशातले कृष्णवर्णीय सैनिक सायकली घेऊन उभे आहेत. चित्र पाहताच ते कोणीतरी जुळवून केले असावे असे वाटते, आणि ते जुळवलेले आहेच. त्या पायऱ्यांवर कोणी सायकल चालवत नव्हते, सैनिकांना तेथे उभे केले होते. पण तेथवर ते आले होते ते मात्र सायकलवरूनच, मोंटानातल्या मिझूला गावाजवळच्या लष्करी ठाण्यापासून, मध्ये रॉकी पर्वताच्या रांगा ओलांडून.

डोंगरी सायकलीचा, म्हणजे ज्याला आता सगळेच ‘माउंटन बाइक’ म्हणतात तिचा इतिहास सांगणारे लेखन आम्ही काही काळ वाचत आहोत. त्यात हे छायाचित्र हमखास भेटते. भेटते ते असे : एका चौकटीत, खाली दोन ओळींची माहिती आणि लगेच पुढचे प्रकरण. पुढचे प्रकरण कॅलिफोर्नियात, १९७०च्या दशकात सुरू होते, आणि मग ग्रंथ संपेपर्यंत कथा तेथेच राहते. या दोन ओळींनी आम्हांला अस्वस्थ केले म्हणून हा लेख.

अमेरिकन सैन्यातील २५व्या पायदळ पलटणीतले शिपाई सगळे कृष्णवर्णीय होते आणि त्यांच्यावरचे अधिकारी गोरे. लेफ्टनंट जेम्स मॉस हा लुइझियानाचा तरुण १८९४ साली वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयातून बाहेर पडला तो आपल्या तुकडीत शेवटच्या क्रमांकाने. खालच्या क्रमांकाच्या उमेदवाराला नेमणुकीत फारशी निवड उरत नसे, आणि अशा पलटणीकडे फार कोणी आपण होऊन जात नसे, हे येथे ध्यानात घेतलेले बरे. मॉसला सायकलीचे वेड होते. त्या काळी अमेरिकेत सायकलीची लाट होती, आणि सरसेनापती जनरल नेल्सन माइल्स यांनाही सैन्यात तिचा उपयोग व्हावा असे वाटत होते. घोड्याला दाणावैरण लागते, तो आजारी पडतो, खिंकाळतो. सायकलीला यांतले काही नाही. युक्तिवाद साधा होता. स्पाल्डिंग कंपनीने सायकली विनामूल्य दिल्या आणि १८९६च्या उन्हाळ्यात आठ शिपायांची तुकडी उभी राहिली.

या तुकडीचा सराव पाहिला तर तो आजच्या कोणत्याही डोंगरी सायकलस्वाराला ओळखीचा वाटेल. नऊ फूट उंच कुंपण सायकलीसह ओलांडायचे, ओढा आला की सायकल वाश्याला अडकवून दोघांनी वाशाची टोके खांद्यावर घ्यायची आणि पाण्यात उतरायचे. ऑगस्टमध्ये पहिली फेरी मॅकडॉनल्ड सरोवरापर्यंतची, जाऊन येऊन सुमारे १२६ मैलांची. ती आटोपून थोड्याच दिवसांत यलोस्टोनकडे प्रस्थान, ही फेरी जवळपास ८०० मैलांची. गिअर एकच. चढाला उतरून ढकलायचे, उताराला जीव मुठीत धरायचा. सायकलीच्या पुढल्या दांडीला पांघरुणाची आणि तंबूच्या कापडाची वळकटी, मधल्या त्रिकोणी चौकटीत शिध्याची कातडी पेटी. पाऊस झाला की चिखल चाकांत आणि साखळीत असा बसे की सायकल पुढे सरकेनाशी होई. अशा वेळी वाहनच माणसाच्या खांद्यावर बसते. या विनोदाची चव त्या आठ जणांना पुरेपूर मिळाली असणार.

पुढल्या वर्षी, १४ जून १८९७ रोजी, मोठा प्रयोग निघाला. वीस शिपाई, मॉस, एक लष्करी डॉक्टर आणि मिझूलाच्या वृत्तपत्राचा एडवर्ड बूस हा जेमतेम विशीला टेकलेला बातमीदार. लक्ष्य मिसूरी राज्यातले सेंट लुईस, अंतर सुमारे १९०० मैल. या वेळी मॉसने पोलादी कडांची मजबूत चाके आणि साखळीवर झाकण अशी सुधारणा मागून घेतली होती. शिधा दर शंभर मैलांच्या आसपास आधीच पोचवलेला. पहिल्याच आठवड्यात पाऊस, चिखल आणि हेलेनाजवळच्या मुलन खिंडीत, जेथे खंडाचे पाणी पूर्व-पश्चिम वाटले जाते त्या माथ्यावर, बर्फ. जेथे रस्ता चालवण्याजोगा नसे तेथे ते रेल्वेच्या रुळांमधून जात, आणि स्लीपरांवरून सायकल हाकताना होणारे हादरे मैलच्या मैल सोसत. रॉकी पर्वत संपला म्हणजे सुटलो असे त्यांना वाटले असेल तर तो भ्रम नेब्रास्काने दूर केला. तेथे वाळूत चाके रुतत, उष्मा असह्य आणि पाणी खारे. त्या पाण्याने लोक आजारी पडले, मॉसही पडला. मिसूरीत काही ठिकाणी मुक्कामाला जागा मिळेना, आणि त्याचे कारण शिपायांचा वर्ण हेच होते. २४ जुलैला ते सेंट लुईसला पोचले. ४१ दिवस, त्यांतले प्रत्यक्ष प्रवासाचे ३४, म्हणजे चालत्या दिवसाला सरासरी ५६ मैल. फॉरेस्ट पार्कमध्ये त्यांना पाहायला हजारोंची गर्दी लोटली.

आणि मग ते रेल्वेने परत गेले.

मॉसने सॅन फ्रॅन्सिस्कोपर्यंतच्या पुढच्या मोहिमेची परवानगी मागितली, ती नाकारण्यात आली. १८९८मध्ये स्पेनशी युद्ध जुंपले, पलटण क्यूबाला रवाना झाली आणि सायकल तुकडीचा विषय संपला. मॉसने पुढे लष्करी अधिकाऱ्यांसाठी मार्गदर्शक पुस्तके लिहून नाव मिळवले. शिपायांचे काय झाले? त्यांच्यापैकी एकाची हकीकत मात्र अमेरिकेच्या इतिहासात नोंदली गेली आहे, आणि ती सायकलीमुळे नव्हे. १८९७च्या मोहिमेतला मिंगो सँडर्स हा अनुभवी सार्जंट. १९०६च्या ऑगस्टमध्ये टेक्सासमधल्या ब्राउन्सव्हिल गावात रात्री गोळीबार झाला, एक माणूस मरण पावला आणि आळ तेथे असलेल्या २५व्या पलटणीच्या शिपायांवर आला. कोणाविरुद्धही खटला चालला नाही. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी १६७ शिपायांना एका आदेशाने सन्मानाविना सैन्यातून काढून टाकले. पाव शतक नोकरी करून निवृत्तिवेतनाच्या उंबरठ्यावर असलेला सँडर्स त्यांत होता. क्यूबाच्या लढाईत त्याच्या कंपनीने रूझवेल्टच्या उपाशी स्वारांना आपली कडक बिस्किटे वाटून दिली होती, असे सांगितले जाते.

आता दुसऱ्या खिंडीकडे वळू. कोलोराडो राज्यात क्रेस्टेड ब्यूट हे एके काळचे कोळशाच्या खाणीचे गाव. मोठी खाण १९५२मध्ये बंद झाली. सत्तरच्या दशकात तेथे जे तरुण येऊन राहिले ते गावातल्या कच्च्या रस्त्यांवरून जुन्या, जाड टायरच्या, एक गिअरच्या सायकलींवर हिंडत. या सायकलींना ‘क्लंकर’ म्हणत. आपण ‘खटारा’ म्हणू. १९७६ साली डोंगरापलीकडच्या ॲस्पेन या श्रीमंत गावातून काही जण मोटारसायकलींवर पर्ल खिंड ओलांडून आले आणि दारूच्या गुत्त्यासमोर आपली वाहने दिमाखात लावून बसले. क्रेस्टेड ब्यूटच्या पोरांनी त्याचे उत्तर द्यायचे ठरवले : त्याच खिंडीतून ॲस्पेनला जायचे, पण खटाऱ्यांवर. पर्ल खिंड सुमारे १२,७०० फूट उंच. एकोणिसाव्या शतकात चांदीच्या खाणींसाठी काढलेला, नंतर वापरातून गेलेला दगडधोंड्यांचा मार्ग. झाडांची सीमा खालीच राहते. वर उघडा उतार, सुट्या दगडांचे लोट आणि विरळ हवा. पंधराएक जण निघाले, बरोबर सामानाची गाडी आणि बिअरचे पिंप. वाटेत एक मुक्काम, दुसऱ्या दिवशी खिंड, ढकलत आणि उचलत. मग तसाच खडबडीत उतार, मागे पॅडल मारून लागणाऱ्या ब्रेकच्या भरवशावर. ॲस्पेनला पोचून त्यांनी जेरोम हॉटेलात पुन्हा बिअर घेतली. साऱ्या पराक्रमाचे प्रयोजन एवढेच होते, आणि आम्हांला ते मनापासून आवडते. सरसेनापतींना पटवून देण्यासारखे त्यात काहीही नव्हते.

त्याच वर्षी, २१ ऑक्टोबरला, कॅलिफोर्नियात मारिन परगण्यातल्या फेअरफॅक्सजवळ ‘रिपॅक’ नावाची उताराची शर्यत सुरू झाली. सुमारे दोन मैलांत १३०० फूट उतार. मागच्या चाकातल्या ब्रेकमधले ग्रीस तापून धूर होई, आणि दर फेरीनंतर ते नव्याने भरावे लागे, म्हणून हे नाव. चार्ली केली, गॅरी फिशर, जो ब्रीझ ही मंडळी तेथली. ब्रीझने १९७७मध्ये या कामासाठीच खास सांगाडा बनवला. १९७८मध्ये कॅलिफोर्नियाचे पाच जण क्रेस्टेड ब्यूटला आले आणि पर्ल खिंडीच्या फेरीत सामील झाले. यजमानांचे खटारे, पाहुण्यांच्या गिअरवाल्या सायकली. त्या चढावर कोणाचे म्हणणे खरे ठरले ते सांगायला नको. १९७९मध्ये केली आणि फिशर यांनी ‘माउंटनबाइक्स’ नावाने धंदा मांडला, १९८१मध्ये स्पेशलाइझ्ड कंपनीची स्टंपजंपर बाजारात आली आणि १९९६मध्ये अटलांटाला हा खेळ ऑलिंपिकमध्ये गेला. हा भाग सर्वत्र सविस्तर मिळतो, त्यामुळे येथे एवढे पुरे.

तो सविस्तर का मिळतो, हा मात्र विचार करण्याजोगा प्रश्न आहे. मारिनच्या कंपूत वेंडी क्रॅग होती, ती सायकल चालवी आणि छायाचित्रेही काढी. केली लिहीत असे. १९८०पासून ‘फॅट टायर फ्लायर’ हे नियतकालिक या खेळासाठीच निघाले. म्हणजे ज्यांनी केले त्यांनीच पाहिले आणि त्यांनीच लिहिले. उलट १८९७च्या मोहिमेची आपल्याला असलेली माहिती मुख्यतः मॉसच्या अहवालांतून आणि बूसच्या बातम्यांतून येते. दोघेही चांगले साक्षीदार आहेत, दोघांनीही तोच चिखल तुडवला. तरीही त्यांच्या लेखनात शिपाई प्रामुख्याने ‘तुकडी’ म्हणून येतात : तिने किती मैल कापले, किती शिधा खाल्ला, किती टायर फुटले. एखाद्याला उतारावर वेग घेताना मजा वाटली का, हे आपल्याला त्यातून कळत नाही.

याच मुद्द्यावर आम्हां दोघांत मतभेद आहे, आणि तो लपवण्याचे कारण नाही. एकाचे म्हणणे असे की मिनर्व्हाचे छायाचित्र चौकटीतून काढून पहिल्या प्रकरणात नेले पाहिजे. डोंगरात, वाट नसलेल्या ठिकाणी, समूहाने सायकल नेण्याचे तंत्र या शिपायांनी ऐंशी वर्षे आधी घडवले होते. गिअर नव्हते हा युक्तिवाद फोल आहे, कारण १९७६च्या खटाऱ्यांनाही ते नव्हते. दुसऱ्याचे म्हणणे असे की पूर्वज म्हणून असे नेमून टाकणे हाही एक प्रकारचा हुकूमच झाला. ते शिपाई स्वेच्छेने सामील झाले असतील, पण मार्ग, वेग आणि हेतू त्यांचे नव्हते. खेळाचा प्राण मोकळेपणात असतो. पर्ल खिंडीतून कोणी मध्येच परत फिरला असता तर मित्रांनी त्याची थट्टा केली असती, मुलन खिंडीतून परत फिरणाऱ्याची चौकशी झाली असती. त्यांना खेळाच्या इतिहासात बसवले की ही चौकशी पुसली जाते. पहिल्याचे यावर उत्तर असे की, मग सँडर्सला सायकलीच्या इतिहासात जागा नाही, लष्कराच्या इतिहासात तो बडतर्फ, तर त्याने जायचे कोठे?

या वादात आमच्या हाती एक वस्तुस्थिती उशिरा आली. १९७४ साली, म्हणजे पर्ल खिंडीच्या पहिल्या फेरीआधी दोन वर्षे, मोंटाना विद्यापीठातल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचा एक गट मिझूलाहून सायकलींवर निघाला आणि २५व्या पलटणीच्या मार्गाने सेंट लुईसपर्यंत गेला. त्यांना कोणी पाठवले नव्हते. तेव्हा ब्राउन्सव्हिलच्या शिपायांची बडतर्फी रद्द होऊन दोन वर्षे झाली होती. १९७२मध्ये लष्कराने ते निर्दोष असल्याचे मान्य करून त्यांच्या नोंदी दुरुस्त केल्या. मिंगो सँडर्स १९२९ सालीच वारला होता.