बेकहॅमचा टॅक्स आणि आपण लॅपटॉपवाले

डेव्हिड बेकहॅम आणि एखादा जावा डेव्हलपर यांच्यात साम्य काय? दिसण्यात नाही, एवढं नक्की. :) पण स्पेनच्या इन्कम टॅक्सवाल्यांनी या दोघांना वेगवेगळ्या काळात एकाच खान्यात बसवलंय. बेकहॅमच्या नावाने ओळखला जाणारा नियम आज तिथे राहून परदेशी कंपनीचं काम करणाऱ्या इंजिनिअरलाही लागू होऊ शकतो. शेजारच्या पोर्तुगालने असाच नियम आणला, जगभर गाजवला आणि २०२४ पासून नव्या लोकांसाठी बंदही करून टाकला. "पगार बाहेरचा आणि राहणं लिस्बनला" अशी स्वप्नं पाहणारे आपल्यात बरेच आहेत. म्हणून या दोन शेजाऱ्यांची ही गोष्ट.

आधी बेसिक्स. पगारावर टॅक्स कोण घेणार? कंपनीचा देश, की जिथे तुम्ही बसून काम करता तो देश? पुण्यातल्या कंपनीचं काम गोव्यात शॅकमध्ये बसून केलं तर इन्कम टॅक्सला काही फरक पडत नाही, कारण देश एकच. पण सीमा ओलांडली की फरक पडतो. ओईसीडी या संघटनेने १९६३ मध्ये देशादेशांतल्या टॅक्स करारांसाठी एक नमुना मसुदा काढला. त्यातलं तत्त्व सोपं आहे: काम जिथे प्रत्यक्ष होतं, तिथे त्या पगारावर टॅक्स. अपवाद एवढाच, की माणूस तिथे १८३ दिवसांपेक्षा जास्त राहिला नाही आणि त्याचा पगार तिथल्या कंपनीकडून किंवा शाखेकडून आला नाही, तर टॅक्स त्याच्या मूळ देशात.

गंमत अशी, की हा नियम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर मशीन बसवायला चार महिने परदेशी गेलेला फिटर असणार. कामाची जागा आणि माणसाची जागा वेगळी असू शकते ही कल्पनाच तेव्हा नव्हती. आज सर्व्हर एकीकडे, क्लायंट दुसरीकडे, पगाराचं बँक खातं तिसरीकडे. तरी नियम अजून तोच: शरीर कुठे आहे ते सांगा.

आता त्याच १९६३ मधले हे दोन देश बघा. स्पेनमध्ये फ्रँकोची हुकूमशाही, पोर्तुगालमध्ये सालाझारची. दोन्हीकडे गरिबी. लाखो लोक फ्रान्स आणि जर्मनीकडे निघालेले. त्यातले कितीतरी पोर्तुगीज कागदपत्रांशिवाय, चोरवाटांनी, डोंगर ओलांडून फ्रान्सला पोचले. म्हणजे हे दोन्ही देश माणसं बाहेर पाठवणारे. पुढच्या चाळीस-पन्नास वर्षांत काटा इतका फिरला, की हेच देश बाहेरच्या माणसांना "या, तुम्हाला टॅक्स कमी लावतो" म्हणायला लागले.

पहिली चाल स्पेनची. २००३ च्या अखेरीस कायदा झाला, २००४ पासून लागू. आधीची दहा वर्षं स्पेनचा रहिवासी नसलेला माणूस नोकरीसाठी तिथे आला, तर त्याला अनिवासी माणसाचा सरसकट दर लागणार. तेव्हा वरचा स्लॅब होता ४५ टक्के, आणि हा दर २५ च्या आसपास. मुदत, आला ते वर्ष आणि पुढची पाच. हेतू होता मॅनेजर आणि तज्ज्ञ मंडळी आणण्याचा. पण २००३ मध्ये रियाल माद्रिदला आलेला बेकहॅम सुरुवातीच्या लाभार्थ्यांपैकी एक ठरला आणि नियमाला त्याचं नाव चिकटलं ते कायमचं. पुढे मंदी आली, लोकांच्या पोटात दुखायला लागलं. २०१० मध्ये वर्षाला सहा लाख युरोंच्या वर कमावणाऱ्या नव्या लोकांना दार बंद झालं. २०१५ पासून व्यावसायिक खेळाडूच वगळले. म्हणजे बेकहॅमच्या कायद्यात आता बेकहॅमच बसत नाही!

पोर्तुगाल २००९ मध्ये उतरला आणि थेट बोली वाढवली. ठरावीक उच्च कौशल्याच्या कामांवर सरसकट २० टक्के, तोही दहा वर्षं. या यादीत आपलं आयटी होतं. शिवाय परदेशातून येणाऱ्या पेन्शनवर शून्य. अट एकच, आधीची पाच वर्षं तिथले रहिवासी नसावेत. २०११ मध्ये या देशावर ७८ अब्ज युरोंचं बेलआउट घ्यायची पाळी आली, त्यामुळे बाहेरचा पैसा हवाच होता.

मग शेजारपाजारचे चिडले. फिनलंडमध्ये आयुष्यभर नोकरी करायची आणि पेन्शन पोर्तुगालमध्ये टॅक्सफ्री खायची, हे फिनलंडला कसं चालावं? त्यांनी पोर्तुगालबरोबरचा टॅक्स करारच मोडला, २०१९ पासून. स्वीडनने २०२२ पासून. मधल्या काळात पोर्तुगालने २०२० मध्ये नव्या येणाऱ्यांच्या पेन्शनवर १० टक्के लावून बघितले, पण उशीर झाला होता.

कोविडनंतर खरी स्पर्धा रिमोटवाल्यांसाठी. पोर्तुगालने ऑक्टोबर २०२२ मध्ये खास व्हिसा काढला. अट: उत्पन्न तिथल्या किमान वेतनाच्या चौपट, म्हणजे तेव्हा महिना २,८२० युरो. स्पेनने डिसेंबर २०२२ मध्ये कायदा करून दहा वर्षांची अट पाचवर आणली आणि असाच व्हिसा घेऊन येणाऱ्यांना २४ टक्क्यांचं दार उघडलं.

आता आपला आवडता भाग, आकडेमोड. पगार ६०,००० युरो धरा. वजावटी सोडून ढोबळ हिशोब: पोर्तुगालचा जुना दर २० टक्के म्हणजे १२,०००, स्पेनचा २४ टक्के म्हणजे १४,४००. पोर्तुगाल जिंकलं? थांबा. माणूस तिथल्या सोशल सिक्युरिटीत आला तर पोर्तुगालमध्ये पगारातून ११ टक्के जातात, वर मर्यादा नाही. स्पेनमध्ये साधारण साडेसहा, आणि वर मर्यादा आहे. पोर्तुगाल १८,६००, स्पेन सुमारे १८,०००. इतकी वर्षं नुसत्या २० च्या आकड्याने पोर्तुगाल स्वस्त वाटायचं. पे-स्लिप शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची असते, ती यासाठी.

पण या सगळ्यात ज्याला कुणी विचारलं नाही तो म्हणजे शेजारच्या घरातला पोर्तुगीज इंजिनिअर. तेच काम, तोच पगार, पण त्याला नेहमीचे चढते स्लॅब, वरचा ४८ टक्क्यांचा. त्यात लिस्बनची घरभाडी आकाशाला भिडलेली. त्यामागे पर्यटन होतं, बाहेरची गुंतवणूक होती, सगळा दोष लॅपटॉपवाल्यांचा नाही. पण डोळ्यांत खुपणारा टॅक्स कायद्यात लिहिलेला होता. २०२३ मध्ये घरांसाठी मोर्चे निघाले आणि त्या ऑक्टोबरमध्ये पंतप्रधान आंतोनियो कोस्टा यांनीच ही सवलत अन्यायकारक असल्याचं सांगत ती संपवत असल्याचं जाहीर केलं. जे आधीच आत होते त्यांची दहा वर्षं शाबूत राहिली. नव्यांसाठी २०२४ पासून संशोधन आणि नवोद्योगांपुरती, बरीच चिंचोळी योजना आली. तीही २० टक्के आणि दहा वर्षं, पण पोर्तुगालमधल्या पात्र संस्थेत किंवा कंपनीत काम लागतं. परदेशी मालकाचं काम घरून करणारा साधा डेव्हलपर त्यात बसणं कठीण.

वीस वर्षांचा हा इतिहास मला एकच गोष्ट सांगतो. पाहुण्यासाठी काढलेला दर म्हणजे दुकानाची उद्घाटन ऑफर. ती नेहमीच्या गिऱ्हाइकाच्या पैशांवर चालते, आणि ते गिऱ्हाईक कधी ना कधी काउंटरवर येऊन विचारतंच, "मला का नाही?" हा प्रश्न त्याच्या जागी आपण असतो तर आपणही विचारला असता.

तेव्हा मंडळी, जायचं असेल तर जरूर जा. पण दर बघताना तीन गोष्टी तपासा: ऑफर किती वर्षांची आहे, सोशल सिक्युरिटी कुठे भरावी लागेल, आणि मुदत संपल्यावर नेहमीच्या स्लॅबमध्ये त्या शहरात राहणं परवडेल का. तिसऱ्याचं उत्तर "नाही" असेल, तर तो देश तुम्हाला स्वस्त नाही, फक्त काही वर्षांपुरता डिस्काउंटमध्ये आहे.