मोजक्या द्रव्यांत मोठें यंत्र



मी आयुष्यभर शाळामास्तर, शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. संगणकावर मीं व्याख्यान द्यावें हें कित्येकांस धाडस वाटेल, आणि तें आहेहि. परंतु दोन वर्षांमागें वालुरास माझ्या ओसरीवर या विषयानें असें ठाण मांडलें कीं, त्याचा पूर्वेतिहास धुंडाळल्यावांचून मला चैन पडेना.

गोष्ट अशी झाली. माझ्या नातवानें बापाच्या सोयाबीनच्या पैशांतून पाऊण लाख रुपये मागितले. सुटे भाग आणून खेळांसाठीं एक बलवान् संगणक जुळवावयाचा आणि त्यास अति सूक्ष्म चित्रांचा पडदा लावावयाचा, हा त्याचा मनसुबा. त्या सालीं सोयाबीनचा भाव पडलेला, विहिरीवरची मोटार जळालेली. मुलगा म्हणे, "दादा, तुम्हीच याला समजवा." नातू म्हणे, "आजोबा, तुम्हीच बाबांना सांगा." दोघांनींहि मला पंच केलें, आणि पंचानें साक्षीपुरावा पाहिल्यावांचून निकाल देऊं नये.

प्रथम मीं हिशेब मागितला. पडद्यावरील चित्र म्हणजे बारीक ठिपक्यांची रांगोळी होय. नेहमींच्या पडद्यावर आडवे 1920 आणि उभे 1080, म्हणजे 20,73,600 ठिपके असतात. नातवास हव्या असलेल्या पडद्यावर 3840 गुणिलें 2160, म्हणजे 82,94,400, बरोबर चौपट. खेळांतलें चित्र सुरळीत हलतें दिसावें म्हणून तें सेकंदास 60 वेळां नव्यानें रंगवावें लागतें. म्हणजे दर सेकंदास सुमारें 50 कोटी ठिपक्यांचा रंग ठरवावयाचा! परभणीच्या एका दुकानांत त्यानें आमच्या गांवच्या चक्राकार बारवेचें छायाचित्र मला दोन्ही पडद्यांवर दाखविलें. एकांत पायऱ्या नुसत्या पायऱ्या होत्या. दुसऱ्यांत दगडांच्या सांध्यांतलें गवत मोजतां येत होतें. पोरास मोह कशाचा पडला, तें मला तेव्हां उमगलें.

थोड्या पैशांत मोठें यंत्र जुळविण्याची ही खटपट आपल्या देशास नवी नाहीं. कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेनें 1955 सालीं विलायतेंतून तयार संगणक आणविला. त्याच सुमारास मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंतील मंडळींनीं मात्र आपला संगणक आपणच घडविण्यास हात घातला. 1956 अखेर लहान नमुना चालूं लागला आणि 1960 सालीं पूर्ण यंत्र कामास लागलें. त्यांत सुमारें 2,700 निर्वात नळ्या होत्या, चुंबकीय कड्यांची 2,048 शब्दांची स्मृति होती, आणि विशेष म्हणजे आकृति उमटविणारा एक पडदाहि होता. 1962 सालीं त्याचें 'टिफ्रॅक' असें बारसें झालें. त्याच वर्षीं अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेंत 'स्पेसवॉर' हा अंतराळयानांच्या झुंजीचा खेळ संगणकाच्या पडद्यावर रंगला होता. परंतु टिफ्रॅक पुरें होईतों जगांत निर्वात नळ्यांचें राज्य सरून ट्रान्झिस्टरचें आलें होतें. 1964 सालीं संस्थेंत कंट्रोल डेटा कंपनीचें मोठें यंत्र आलें आणि टिफ्रॅक मागें पडलें. निवडलेला भाग हातीं येईपर्यंत जुना होतो, ही नातवाची तक्रार पाहतां बरीच जुनी म्हणावयाची.

याहून रोचक हकीकत पुण्याची आहे. 1980 नंतरच्या दशकांत भारतास क्रे या अमेरिकन महासंगणकाची गरज पडली. अमेरिकेनें हवामानाच्या भाकितासाठीं एक यंत्र दिलें, तें दिल्लीस आलें. पण वापरावर कडक अटी होत्या. बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेस हवें होतें तें अधिक समर्थ यंत्र मिळालें नाहीं. 'क्रे नाकारला' एवढेंच आपण सभांतून सांगतों, तें अर्धसत्य आहे. पण डिवचावयास अर्धें सत्यहि पुरलें. 1988 सालीं पुण्यास प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सी-डॅक, स्थापन झालें. मुदत 3 वर्षांची, द्रव्य सुमारें 30 कोटींचें. सूत्रें विजय भटकर यांचेकडे. अकोला जिल्ह्यांतील मुरंबा या खेड्यांत 1946 सालीं जन्मलेला हा वऱ्हाडचा मनुष्य.

आतां त्यांची निवड पाहा. क्रेसारखा अतिवेगवान् प्रक्रियक घडविणें आपल्या आवांक्याबाहेरचें होतें. तेव्हां इंग्लंडांतील इन्मॉस कंपनीचे, बाजारांत मिळणारे 'ट्रान्सप्यूटर' घेतले. ही एकेक चिप कांहीं महासंगणक नव्हे. परंतु तिला चार दुवे असत, त्यांनीं ती चार शेजाऱ्यांशीं थेट बोलूं शके. असे 64 प्रक्रियक जोडून 1991 सालीं 'परम 8000' उभा राहिला. त्याची कमाल गति सेकंदास सुमारें 1 अब्ज गणितें इतकी होती. हें आमच्याकडील कापूसवेचणीसारखें आहे. एक बाई कितीहि चपळ असली तरी शेत दिवसांत उरकत नाहीं. 64 बायांनीं एकेक पात धरली कीं उरकतें. मात्र सगळींच कामें पातींत विभागत नाहींत. आधीं नांगरणी, मग पेरणी, हा क्रम कितीहि माणसें लावलीं तरी मोडत नाहीं. म्हणून परमचे खरे कष्ट चिपा विकत घेण्याचे नव्हते. काम वांटून देणाऱ्या आज्ञावली लिहिण्याचे होते. कमाल गति ही कागदावरची गति असते, हेंहि ध्यानांत ठेवावें. त्याच सुमारास मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानें याच तत्त्वावर 'अनुपम' हा संगणक घडविला. पुढें मॉस्कोच्या एका संस्थेनेंहि परम नेला.

नातवाच्या यादींतील सर्वांत महाग वस्तु, ग्राफिक्स कार्ड, ही याच कुळांतली आहे हें कळलें, तेव्हां मी सरसावून बसलों. पडद्यावरील ठिपक्याचा रंग बहुतांशीं शेजारच्या ठिपक्याची वाट न पाहतां काढतां येतो. म्हणजे हें काम जणूं पातींसाठींच जन्मलेलें! 1999 सालीं एन्व्हिडिया कंपनीनें 'जीफोर्स 256' काढतांना 'जीपीयू' हा शब्द रूढ केला. 2021 सालच्या आरटीएक्स 3060 या मध्यम कार्डांत 3,584 लहान गणक आहेत, आणि गणिताच्या सूक्ष्मतेचा फरक सोडला तर त्याची कागदी गति परम 8000 च्या हजारों पट भरते. मध्यंतरीं कूटचलन मिळविण्यास हीं कार्डें जुंपलीं गेलीं नि भाव भलतेच चढले. सप्टेंबर 2022 मध्यें इथेरियमनें ती रीत सोडली, तेव्हां वापरलेल्या कार्डांचे ढीग बाजारांत आले. वापरलेलें घेऊं नये असें मीं बजावलें, कारण दिवसरात्र राबलेला बैल बाजारांत तुकतुकीतच दिसतो.

निकाल असा झाला. एकतृतीयांश रक्कम कार्डास. प्रक्रियक मध्यम. स्मृति 16 जीबीची, पण एक पट्टी न घेतां 8-8 च्या दोन, कारण दोन वाटांनीं माहितीची ये-जा अधिक वेगानें होते. पडदा चौपट ठिपक्यांचा नव्हे, 2560 गुणिलें 1440 चा. म्हणजे 36,86,400 ठिपके, नेहमींच्या पावणेदोन पट. चौपट पडद्यावर नवे खेळ त्या कार्डानें अडखळत ओढले असते, किंवा कमी ठिपक्यांत चित्र काढून युक्तीनें तें मोठें करावें लागलें असतें. ती युक्ति उत्तम आहे असें नातू म्हणतो; मला ती उसन्या अवसानाची वाटते.

खरें भांडण झालें तें वीजपुरवठ्याच्या डब्यावरून. एका दुकानदारानें रंगीत दिव्यांची काचेची पेटी आणि कोणा अनामिकाचा डबा गळ्यांत बांधण्याचा यत्न केला. तो डबा मीं हातांत घेऊन पाहिला, त्यास वजनच नव्हतें. आमच्याकडे वीज कमीजास्त होते. अशाच स्वस्त डब्यानें शेजाऱ्याचा संगणक जळालेला मीं पाहिला होता. दिवे वगळून तो पैसा पुरवठ्यांत घातला. नातू दोन दिवस माझ्याशीं बोलला नाहीं.

सारें 69 हजारांत बसलें. उरलेल्या 6 हजारांत विहिरीवरची मोटार भरून घेतली, आणि तीहि आधीं, ही मुलाची अट होती. जुळवणी नातवानें ओसरीवरच केली. सायंकाळीं सातला शेवटचा स्क्रू बसला, आणि वीज गेली. ती पहांटे आली, तेव्हां आम्ही दोघेहि जागे होतों.