जांभळी म्हैस



दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कातील आपल्या मुलांची गणेशोत्सवातील चित्रकला स्पर्धा यंदाही रंगली. विषय होता ‘पाण्यावर आलेली गुरे’. परीक्षक आम्ही, कारण दुसरे कोणी तयार होईना! एका चिमुरडीने म्हैस चक्क जांभळी रंगवली. आम्ही दोन गुण कापले. ती हिरमुसून म्हणाली, “काका, आजोळी पंचगंगेवर म्हैस पाण्यातून वर आली, तेव्हा अशीच दिसली होती.”

घरी आलो, पण चैन पडेना. कारण हाच वाद सुमारे दीडशे वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये झाला होता.

युजीन बुदाँ (१८२४-१८९८) हा फ्रेंच चित्रकार नॉर्मंडीत तूक नदीच्या काठी, उघड्यावर बसून गाई रंगवीत असे. तरुण क्लोद मोनेला खोलीबाहेर काढून निसर्गासमोर बसवले ते त्यानेच. १८७४ साली या मंडळींनी पॅरिसला स्वतंत्र प्रदर्शन भरवले. मोनेच्या एका चित्राच्या नावावरून टीकाकाराने त्यांना कुचेष्टेने ‘इम्प्रेशनिस्ट’ म्हटले आणि तेच नाव रूढ झाले. मराठीत आपण त्यांना दृक्प्रत्ययवादी म्हणतो.

यात आम्हा रसायनवाल्यांचाही थोडा वाटा आहे बरे का! पूर्वी तयार तैलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत भरून ठेवीत. १८४१ मध्ये जॉन रँड याने धातूची ट्यूब काढली आणि रंग खांद्यावरच्या पिशवीतून नदीकाठी जाऊ लागले. कोबाल्ट निळा व कृत्रिम अल्ट्रामरीन हे निळे रंगही त्याच शतकात प्रयोगशाळेतून आले. मग सावलीला काळा रंग कशाला? ओल्या पाठीवर आकाश उतरते, तेव्हा काळी म्हैससुद्धा निळी-जांभळी दिसते.

हे ओळखणारा माणूस आपल्याकडेही होता, आणि तोही त्या मुलीच्या आजोळचाच. कोल्हापूरचे आबालाल रहिमान मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकले, शाहू महाराजांचे दरबारी चित्रकार झाले आणि कोटितीर्थ तळ्याकाठी साधेपणाने राहिले. तेच तळे, तीच झाडे. पण प्रत्येक वेळचा उजेड निराळा, म्हणून चित्रही निराळे. जाणकारांना त्यांची निसर्गचित्रे पाहून फ्रेंच चित्रकार आठवतात. १९२२ मध्ये महाराज गेले. त्या दुःखात आबालालांनी आपली पुष्कळ चित्रे कोटितीर्थातच बुडवली, असे सांगतात. १९३१ साली तेही गेले.

मोनेचे नाव आपल्या मुलांना शाळेत कळते. आबालालांचे नाव आपण सांगितले नाही, तर कोण सांगणार?

सुट्टीत कोल्हापूरला गेलात, तर अंबाबाईचे दर्शन आणि मिसळ झाल्यावर टाऊन हॉलच्या संग्रहालयात मुलांना जरूर न्या. आबालालांची उरलेली काही चित्रे तिथे आहेत.

बक्षिसे तर वाटून झाली. पण त्या मुलीचे दोन गुण आम्ही या अंकात जाहीरपणे परत करीत आहोत. चूक आमचीच होती.