ऐंशी जागा

स्मरणिकेसाठी शाळेचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलं तेव्हा मी हसले. इतिहासात मला किती मार्क पडत, ते आपल्या मॅडमना अजून आठवत असेल. पण आपण तिथे कसे पोचलो हे आपल्यातल्या अनेकांना नीट ठाऊक नाही, म्हणून लिहिते.

१९८५-८६ मध्ये देशात दोनच नवोदय विद्यालयं प्रयोग म्हणून सुरू झाली. एक हरियाणातल्या झज्जरला, दुसरं आपल्या शेजारी अमरावतीला. राजीव गांधी पंतप्रधान होते, आणि १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात ‘प्रत्येक जिल्ह्यात एक’ ही कल्पना पक्की झाली. राज्य सरकारनं ३० एकर जमीन फुकट द्यायची, पक्की इमारत होईपर्यंत तात्पुरती जागाही द्यायची आणि बाकीचा खर्च केंद्रानं करायचा. तामिळनाडूनं हिंदीच्या प्रश्नावरून नकार दिला. खेड्यातली हुशार मुलं निवडून निवासी शाळेत शिकवणं महाराष्ट्राला अगदीच नवं नव्हतं. १९६० च्या दशकातली शासकीय विद्यानिकेतनं त्याच विचारातून आली होती. पण ती मुलग्यांसाठी होती. नवोदयमध्ये ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांना आणि किमान एक तृतीयांश जागा मुलींना. हा नियम नसता तर मी आज हे लिहीत नसते.

प्रवेश परीक्षेचे तीन भाग होते: मानसिक क्षमता, अंकगणित आणि भाषा. सर्वांत मोठा भाग आकृत्यांचा. चारांतली वेगळी ओळखा, आरशातली प्रतिमा ओळखा. शब्दच नकोत, म्हणजे शिक्षकाच्या मुलीला आणि शेतमजुराच्या मुलीला पेपर सारखाच, असा त्यामागे विचार. विचार चांगला होता. तरी ज्याच्या गावात सरावाचं पुस्तक आणून देणारे गुरुजी होते, त्याचं पारडं जड असायचंच. माझ्या गावात होते. जागा मात्र ऐंशी, आणि परीक्षा आयुष्यात एकदाच देता यायची.

हा ‘एकदाच’ आमच्या घरात दोन वर्षं राहायला होता. दादा माझ्याहून एका वर्षानं मोठा. त्यानं आधीच्या वर्षी परीक्षा दिली, यादीत त्याचा रोल नंबर आला नाही. पुढच्या वर्षी, १९९१ साली, त्याच गुरुजींकडे त्याच पुस्तकातून मी शिकले आणि माझा आला. गणित त्याचं चांगलं होतं, हे घरात सगळ्यांना माहीत. त्याला माझ्याहून जास्त मार्क होते का? मार्क कुणालाच कळवत नसत, त्यामुळे ते कधी कळणार नाही.

पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन मला सोडायला तोच आला होता, बाबांबरोबर.

पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. पहाटेची पी.टी., थंडीत आंघोळीच्या रांगा, अरावली-नीलगिरी-शिवालिक-उदयगिरीची भांडणं, आणि महिन्यातल्या भेटीच्या रविवारी गेटकडे लागलेले डोळे. सगळं फुकट होतं, गणवेशापासून साबणापर्यंत. (२००३ पासून वरच्या वर्गांतल्या मुलांकडून महिना २०० रुपये घेऊ लागले, मुलींना माफ होते.) या सगळ्यात मला सर्वांत धाडसी वाटतं ते नववीतलं मायग्रेशन. वर्गातली सुमारे ३० टक्के मुलं हिंदी भाषक राज्यात जायची, तिकडची आपल्याकडे यायची. तेरा-चौदा वर्षांची पोरं! आपल्याकडे आलेल्या मध्य प्रदेशातल्या मुली सहावीपासून मराठी शिकून आलेल्या होत्या. पहिल्या रात्री त्यांतली एक रडत बसली, तेव्हा आपल्यातल्या कुणीतरी विचारलं, “काहून रडून राह्यली वं?” तिचं रडणं थांबलं. आपण तीन वर्षं भलतीच भाषा शिकलो की काय, असा तिचा चेहरा झाला होता. दिवाळीपर्यंत ती आपल्याहून फर्डी वऱ्हाडी बोलायला लागली.

टीकाही तेव्हापासून होत आली. गावोगावच्या शाळांची छपरं गळत असताना मूठभर मुलांवर एवढा खर्च का? उत्तर असं दिलं जायचं की नवोदय आजूबाजूच्या शाळांनाही पुढे नेईल. आपण तिथे सात वर्षं होतो. शेजारच्या गावातल्या शाळेशी आपला संबंध किती आला? एखादी क्रिकेटची मॅच. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण इतिहास लिहायला घेतलाय तर लिहायलाच हवं.

माझ्यापुरता एक अपवाद घडला. एप्रिलमध्ये आपल्याला नव्या वर्गाची पुस्तकं मिळायची आणि मेच्या सुटीत ती घरी जायची. आठवीत आपलं गणित-विज्ञान एकदम इंग्रजीत झालं. दादानं आठवी नुकतीच मराठीतून संपवली होती. सायकलवरून सहा किलोमीटरवरच्या हायस्कूलला जायचा तो. दुपारी ओसरीवर माझं विज्ञानाचं पुस्तक घेऊन बसला आणि ओळखीच्या आकृत्यांवरून एकेका इंग्रजी शब्दाशेजारी पेन्सिलीनं मराठी शब्द लिहू लागला. घर्षण. दाब. पेशी. “तुले कामी येईन,” म्हणाला. त्याची इंग्रजी सुधारत होती, हे नंतर लक्षात आलं. जूनमध्ये वर्ग सुरू झाला तेव्हा आपल्यापैकी निम्मे जण गप्प बसले होते. मला सरांचं बोलणं समजत होतं, कारण पानाच्या कडेला तो होता. त्या वर्षी विज्ञानात पहिली आल्याबद्दल प्रार्थनेच्या वेळी तुम्ही टाळ्या वाजवल्या होत्या.

पुस्तकं वर्षअखेरीला परत करायची असत. ग्रंथालयातल्या सरांनी पुस्तक चाळलं, माझ्या हातात खोडरबर दिलं आणि सगळं पुसून आण म्हणाले. मी ग्रंथालयाच्या मागच्या पायरीवर बसून दोन पानं पुसली. मग पुस्तक तसंच मिटून गठ्ठ्यात मधोमध सरकवलं. सर, माफ करा. आपल्या पुढच्या बॅचमधल्या ज्या कुणाला ते पुस्तक मिळालं असेल, त्यांना सांगते, ते अक्षर माझं नव्हतं.