पेरू, सरदार

(लखनौ-४९, एल-४९). महाराष्ट्रात दीर्घकाळ लावला जाणारा पेरूचा वाण. नाव लखनौचे, जन्म मात्र पुण्याचा. अलाहाबाद सफेदा जातीचे लखनौहून आणलेले बी गणेशखिंडीच्या फळ प्रयोग केंद्रात रुजवले गेले आणि त्या रोपांतून १९२७ मध्ये चीमा व देशमुख या फळशास्त्रज्ञांनी हे झाड निवडले. पेरूचे बियाचे रोप आईवर जाईलच असा भरवसा नसतो. बागवानाला डोकेदुखी ठरणारा हाच गुण इथे फळला. एकदा मनाजोगते झाड सापडल्यावर मात्र बियाचा उपयोग संपतो. पुढची रोपे दाब कलमाने किंवा गुटीने करतात. डाळिंबाचा ‘गणेश’ वाणही (१९३६) चीमांनी याच केंद्रात, आळंदी जातीच्या रोपांतून, अशाच निवडीने काढला.

सफेदा उंच, सरळ वाढतो; सरदार ठेंगणा, पसरट, भरपूर फांद्यांचा. फळ मोठे, गोलसर. साल फिकट पिवळी, तीवर क्वचित लाल ठिपके. गर पांढरा व गोड.

‘पेरू’ हा शब्द पोर्तुगीज ‘पेरा’वरून, म्हणजे नाशपातीवरून आला. मलयाळममधला ‘पेरक्का’ही त्याच घरचा. पेरू देशाशी त्याचा संबंध नाही. तरी हे फळ उष्ण अमेरिकेतलेच असल्याने तसा संबंध जोडणारी लोकप्रिय समजूत निदान खंड चुकत नाही. खरी नाशपाती गुलाबाच्या कुळातली, हिवाळ्यात कडक थंडी मागणारी. बुलढाण्याच्या बाजारात ती बाहेरूनच येते. पेरूला वऱ्हाडात अनेक ठिकाणी ‘जाम’ किंवा ‘जांब’ म्हणतात. पेरू, खरा जांब आणि जांभूळ ही तिन्ही मिर्टेसी कुलातली, तेव्हा वऱ्हाडी नावच वनस्पतिशास्त्राला अधिक जवळचे.

बुलढाणा जिल्ह्यात, विशेषतः घाटावर जिथे उन्हाळ्यात विहिरी तळ गाठतात, तिथे पेरूचा मृग बहर सोयीचा. एप्रिल-मेमध्ये पाणी तोडून बागेला ताण द्यायचा. मृगाच्या पावसावर फूल येते आणि थंडीत फळ उतरते. पाणी नसतेच त्या दिवसांत ते द्यायचेही नसते. आंबे बहराचे फळ पावसाळ्यात तयार होते. ते पाणचट लागते, शिवाय फळमाशीचा त्रास त्यालाच जास्त.